सबसिडीची नव्हे, बिलाची तारीख बघा

प्रश्न: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका एजन्सीकडून छपरावर 3 किलोवॅटचा सोलर प्लांट बसवला. 1 लाख 95 हजार दिले, त्यातले 50 हजार रोख. ‘78 हजार सबसिडी तुमच्या खात्यावर जमा होईल, कागदपत्रं आम्ही बघतो’ असं एजंट म्हणाला होता. आजतागायत रुपया आला नाही. यंदा मार्चमध्ये हेस्कॉम या वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात गेलो, तर आमच्या आरआर नंबरवर, म्हणजे वीजजोडणीच्या क्रमांकावर, सबसिडीचा अर्जच नाही म्हणाले. बाहेर जाणारी वीजही मोजणारा नेट मीटरही बसलेला नाही. बिलावर ‘सर्व वाद कोल्हापूर न्यायालयाच्या कक्षेत’ असं छापलंय आणि या वयात कोल्हापूरला खेपा घालणं जमत नाही. गल्लीत आणखी सहा घरांवर याच माणसाने पॅनल बसवलेत. सरकारवर दावा लावावा का? तक्रार मराठीत चालेल का?

उत्तर: तुमच्या पाच पानी पत्रात 78 हजारांचा उल्लेख पानोपानी आहे, पण बिलाची तारीख एकदाही नाही. ती मला सोबतच्या झेरॉक्सवर सापडली: 22 जून 2024. आज मे सरत आलाय. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. निपाणी, चिकोडी, बेळगाव तालुक्यातूनही अशीच पत्रं येत असतात, म्हणून छपरावरच्या सोलरला सबसिडी देणारी पीएम सूर्यघर योजना काय आहे ते इथे पुन्हा सांगत नाही. तारखेबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण ती चुकली तर पुढचं काहीच उरत नाही.

तक्रारीचं कारण नेमकं कधी घडलं, यावर वाद होऊ शकतो. तुमच्या बाजूने असं म्हणता येईल की अर्जच केलेला नाही हे तुम्हाला मार्च 2026 मध्ये कळलं, तोवर तुम्हाला अंधारात ठेवलं होतं, म्हणून मुदत मार्चपासून धरावी. हा मुद्दा मी तक्रारीत जरूर लिहीन. पण त्याच्या भरवशावर जून हातचा जाऊ देणार नाही. समोरचा वकील पहिल्याच लेखी म्हणण्यात ‘माल 22 जून 2024 रोजी दिला, त्याच दिवशी नेट मीटर नव्हता, ते ग्राहकाला डोळ्यांनी दिसत होतं’ असं लिहील, आणि ते खोडायला तुमच्याकडे फारसं काही नाही. म्हणून सर्वांत अलीकडची नव्हे, सर्वांत जुनी तारीख धरून चाला. दोन वर्षांचा शेवटचा दिवस सोमवार, 22 जून 2026. तुम्ही शुक्रवार, 19 जून हाच शेवटचा दिवस समजा. ऑनलाइन दाखल करताना एखादा कागद अपलोड होत नाही, सही राहून जाते, त्रुटी निघते. शनिवार-रविवार हाताशी मोकळे असलेले बरे.

आता तुम्ही ज्यावर विसंबून राहिलात त्याकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘एजंट फोन उचलतो, कधी नाही म्हणाला नाही, दर वेळी पुढच्या महिन्यात होईल म्हणतो.’ अहो, तो नाही म्हणाला असता तर तुम्ही त्याच आठवड्यात वकिलाकडे गेला असता! होय म्हणत राहिला म्हणूनच तेवीस महिने गेले. तोंडी आश्वासनाने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. पत्रं, फोन, स्मरणपत्रं कितीही झाली तरी घड्याळ चालूच राहतं, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय.

गेल्या दिवाळीत आलेला त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तुम्ही जपून ठेवलात, हे चांगलं केलंत. पण तो नीट वाचा. ‘सबसिडी पंधरा दिवसांत येईल’ असं त्यात आहे. ‘मी तुमचे 78 हजार देणं लागतो’ असं नाही. मुदतीच्या कायद्यात कलम 18 आहे. देणेकऱ्याने मुदत संपायच्या आत देणं लेखी कबूल केलं तर मुदत नव्याने मोजता येते. पण सरकारकडून पैसे येतील असं सांगणं म्हणजे स्वतःचं देणं कबूल करणं, हे पटवून देणं अवघड आहे. फसवणुकीचा पुरावा म्हणून तो मेसेज मोलाचा आहे, मुदतीची ढाल म्हणून नाही. तो डिलीट करू नका, फोन बदलू नका, विकू तर मुळीच नका. नुसती प्रिंट चालत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं.

उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं आणि आयोगालाही ते लेखी नोंदवावं लागतं. ‘माझा त्याच्यावर विश्वास होता’ हे कारण मी आयोगापुढे मांडलेलं आहे. ते फार वेळा टिकत नाही.

कोल्हापूरच्या त्या छापील ओळीने तुम्हाला दोन वर्षं घरी बसवलं, याचं मला सर्वांत वाईट वाटतं. जुन्या, 1986 च्या कायद्यात तक्रार करायची ती विरुद्ध पक्ष जिथे असेल किंवा जिथे कारण घडलं असेल तिथे. सीमाभागातल्या माणसाची त्यात फरफट व्हायची. माल हद्दीपलीकडच्या पेठेतला आणि घर अलीकडे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम 34 ने हे बदललं. तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात त्याला जाता येतं. तुमच्यासाठी तो बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. बिलामागची बारीक अक्षरातली एक ओळ हा कायद्याने दिलेला हक्क काढून घेऊ शकते, असं मला वाटत नाही. शिवाय प्लांट खानापूर तालुक्यातल्या छपरावर बसलाय, म्हणजे कारणही इथेच घडलंय. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही.

नोटीस पाठवायची असेल तर उद्याच स्पीड पोस्टाने पाठवा आणि सात दिवस द्या. नोटीस म्हणजे तक्रार नव्हे आणि तिच्या उत्तराची वाट पाहायची नाही. ग्राहक तक्रारीआधी नोटीस बंधनकारकही नाही. तीस दिवसांची नोटीस देऊन एकतिसाव्या दिवशी, मुदत संपल्यावर, माझ्याकडे आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता मागायचं काय? 78 हजारांचा आकडा एजंटने खोटा सांगितला नव्हता. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे तेवढेच होतात. आकडा खरा होता म्हणून बाकीचंही खरं वाटलं. पण ती रक्कम मिळायला आधी राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहकाचा अर्ज लागतो, पोर्टलवर नोंदलेला विक्रेता लागतो, भारतात बनलेल्या सेलचे पॅनल लागतात, मग वीज कंपनीची तपासणी आणि नेट मीटर, आणि शेवटी पैसे थेट ग्राहकाच्या बँक खात्यात. मधल्या कुणाच्या हातून ते जात नाहीत. अर्जदार तुम्ही, मोबाईल तुमचा, ओटीपी तुम्हाला येणार. तेवीस महिन्यांत एकही ओटीपी आला नाही, पासबुकाची झेरॉक्स कुणी मागितली नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती. हेस्कॉमच्या पायऱ्या पहिल्यांदा यंदाच्या मार्चमध्ये चढलात. त्या 2024 च्या दिवाळीआधी चढला असता तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

म्हणून तक्रार सरकारी सबसिडी मिळावी अशी करू नका. अर्जच नाही, तर सरकारने काय नाकारलं? सरकारला किंवा हेस्कॉमला उगाच विरुद्ध पक्ष केलंत तर नोटिसा बजावण्यातच चार तारखा जातील. तुमचा अर्ज वेळेत पोचला असता आणि हेस्कॉमने तो दाबून ठेवला असता, तर गोष्ट निराळी होती. वीज ग्राहकांच्या हक्कांचे 2020 चे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये सुधारले गेले. त्यानुसार 10 किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवायच मंजूर धरला जातो आणि प्लांट बसल्यावर कंपनीला पुढचं काम पंधरा दिवसांत करावं लागतं. इतर वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. तुमचा रोख मात्र एजन्सीवर हवा: चुकीची माहिती देऊन विक्री केली आणि पैसे घेऊन सेवा दिली नाही. त्यापोटी 78 हजारांची भरपाई, नेट मीटरअभावी झालेलं नुकसान आणि तक्रारीचा खर्च मागा. पॅनल भारतीय सेलचे नसतील तर ते बदलून द्यावेत, असंही मागता येईल. त्यासाठी प्रत्येक पॅनलच्या मागच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचे फोटो आजच काढा. मृग लागला की जांबोटीकडच्या पावसात छपरावर चढवणार नाही.

‘लाईट गेली तरी प्लांट चालू राहील’ असंही त्याने सांगितल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते ठळक करा. बॅटरीशिवायचा, ग्रीडला म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला प्लांट लाईन बंद झाली की स्वतःही बंद पडतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तो तसाच बनवलेला असतो. पावसाळ्यात तारांवर झाडं पडून दिवसदिवस अंधारात राहणाऱ्या तालुक्यात असं सांगून विकणं हा मला सबसिडीइतकाच गंभीर मुद्दा वाटतो. आणि नेट मीटर नसताना प्लांट ग्रीडवर चालवू नका. काही साधे मीटर ग्रीडमध्ये गेलेलं युनिटही तुम्ही वापरलं म्हणून मोजतात, शिवाय परवानगीशिवाय जोडणी हा हेस्कॉमच्या कारवाईचा विषय होऊ शकतो.

रोख दिलेल्या 50 हजारांबद्दल मी आशा दाखवणार नाही. पावती नाही, बिल 1 लाख 45 हजारांचंच आहे. त्या दिवशी बँकेतून रक्कम काढल्याची पासबुकात नोंद असेल तर जोडा. एवढे पैसे कागदाशिवाय हातावर ठेवणं थांबवा, एवढंच सांगते.

भाषेबद्दल. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याला देता येतो. हेस्कॉमला मराठीत अर्ज द्या, पोच घ्या. मीही तसंच करते. आयोगापुढचं कामकाज मात्र वेगळं. तिथे तक्रार कानडीत किंवा इंग्रजीत करा आणि मराठी कोटेशन, मराठी मेसेज यांचं भाषांतर शपथपत्रासह जोडा. मराठीच्या हक्काबद्दल माझी भूमिका तुमच्यापेक्षा वेगळी नाही. पण सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तारखेची वाट पाहण्याची आपल्या तीन पिढ्यांना सवय लागली आहे. ती सवय या कामात घेऊन येऊ नका. तक्रार कोणत्या भाषेत, या वादात जून गेला तर तुमचं गाऱ्हाणं कुठल्याच भाषेत ऐकलं जाणार नाही.

किती काळ लागेल? कायदा म्हणतो नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तसं होत नाही. आयोगांतल्या रिकाम्या जागा वेळेवर न भरल्याची किंमत तुमच्यासारखी माणसं मोजतात, याचा मला राग आहे. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. विरुद्ध पक्षाला लेखी म्हणणं द्यायला तीस आणि वाढीव पंधरा, असे पंचेचाळीस दिवसच मिळतात. त्यापलीकडे आयोगही मुदत देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी ठरवलंय. एजन्सी हजर राहून गप्प बसली तर त्या सेहेचाळिसाव्या दिवशी मी तिथे असेन.

वीजजोडणी अजून वडिलांच्या नावे असल्याचं तुम्ही लिहिलंय. बिल तुमच्या नावाचं आहे, त्यामुळे तक्रारीला तो अडथळा वाटत नाही. पण पुढे नोंदणीकृत विक्रेत्याकडून नव्याने अर्ज करायचा झाला तर आरआर नंबरवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. योजनेचा कालावधी 2026-27 पर्यंत आहे, म्हणून नावबदलाचा अर्ज आताच टाका. प्लांट आणि नेट मीटर झाल्यावर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतल्या मोफत युनिटांचा हिशेब कसा होईल, हेही त्याच खेपेत सेक्शन ऑफिसकडून लेखी घ्या.

देवस्थान कमिटी सभामंडपावर याच एजन्सीचे पॅनल बसवायचं म्हणतेय, असं शेवटी लिहिलंत. कमिटीला अ‍ॅडव्हान्स देऊ देऊ नका. किलोवॅटमागे 18 हजारांची सवलत आहे ती निवासी सोसायट्या आणि रहिवासी संघांच्या सामायिक सोयींसाठी. देवळाच्या कमिटीला ती मिळेल, असा शब्द कुणी देत असेल तर तो लेखी घ्या.

राहिली गल्लीतली सहा घरं. सारखंच हित असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते आणि सात जणांचं म्हणणं जड पडतं, हे खरं. पण सगळ्यांच्या सह्या गोळा करत बसायला तुमच्याकडे वेळ नाही. तुम्ही आधी, एकट्याने दाखल करा. बाकीच्यांनी आपापलं बिल काढून तारीख बघावी, कारण तुमच्या तक्रारीने त्यांची मुदत थांबत नाही. शेजारच्यांचं बिल 9 ऑगस्ट 2024 चं आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना हे उत्तर आज संध्याकाळीच वाचून दाखवा.