देवमासे कुठे जमतील, हे वारा ठरवतो

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एवढा अफाट समुद्र असताना देवमासे ठरावीक जागीच का जमतात? आपल्या अरबी समुद्रात त्यांना पुरेसं खायला मिळतं का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : खाद्य किती आहे यापेक्षा ते किती दाट आहे, हे देवमाशाला महत्त्वाचं. उत्तर पॅसिफिकमधला निळा देवमासा खाण्याच्या हंगामात दिवसाला सरासरी १६ टन क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) गिळतो, असा २०२१ मधला अंदाज आहे. जबडा उघडून पाण्यात झेप घेण्यात त्याची प्रचंड शक्ती खर्च होते. क्रिल विरळ पसरलेलं असेल तर तेवढीही भरून निघत नाही, म्हणून समुद्र जिथे खाद्य एकवटून देतो तिथेच तो थांबतो.

अरबी समुद्रात हे काम मान्सूनचा वारा करतो. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा जोरदार वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात पाण्याचा वरचा थर वाऱ्याच्या उजवीकडे सरकतो, म्हणजे तिथे किनाऱ्यापासून दूर. ती जागा भरायला खालून थंड, नायट्रेट-फॉस्फेटने भरलेलं पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. त्यावर वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फोफावतं, त्यावर प्राणी-प्लवक (तसेच तरंगणारे बारीक जीव) आणि क्रिल, मग तारली. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात अपवेलिंग होतं. उत्तरेकडे येताना ते क्षीण होतं. हिवाळ्यात यंत्रणा बदलते : ईशान्येचा कोरडा वारा समुद्राच्या उत्तर भागातलं वरचं पाणी थंड आणि जड करतो, ते खाली बुडतं, घुसळण होते आणि पोषकद्रव्यं पुन्हा वर येतात.

वर्षातून दोनदा असा हंगाम मिळत असल्यामुळेच इथले हंपबॅक देवमासे इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. खाणं आणि पिल्लं देणं, दोन्ही याच समुद्रात. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळ सुमारे २४० हंपबॅक बेकायदा मारले. त्यांच्या पोटांत क्रिल आणि लहान मासे सापडले, म्हणजे ते इथेच चरत होते. आज ओमानलगतची त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-टॅग लावलेली एक मादी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली आणि पुढे दक्षिणेकडे गेली. ओमानचे आणि आपले देवमासे वेगळे मानून संरक्षणाचा विचार करणं म्हणूनच चुकीचं आहे.

प्रश्न : उपग्रहाच्या हरितद्रव्य नकाशावरून देवमासे कुठे असतील ते सांगता येईल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : थेट नाही. सर्वांत मोठी चूक वेळेची होते. आज नकाशावर हिरवा दिसणारा पट्टा म्हणजे आजचं प्लवक. त्यावर क्रिल आणि मासे वाढायला काही आठवडे ते महिने लागतात आणि तोवर प्रवाह तो पट्टा हलवतो. दुसरी अडचण ढगांची. अपवेलिंग ऐन पावसाळ्यात होतं आणि रंग टिपणारा उपग्रह ढगांपलीकडे पाहू शकत नाही. तिसरी खाडीच्या गाळाची : गढूळ पाण्यामुळे किनाऱ्यालगत हरितद्रव्य असतं त्यापेक्षा जास्त दिसतं.

त्यामुळे आधी तापमानाचा नकाशा घ्या आणि थोड्या किलोमीटरांत एक-दोन अंशांचा फरक पडतो त्या रेषा शोधा. दोन पाणी भेटतात तिथे खाद्य अडकून साठतं. त्यावर २०० मीटर खोलीची रेषा टाका, कारण खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला आणि समुद्रतळाच्या घळींपाशीही खाद्य एकवटतं. शेवटी गेल्या महिना-दोन महिन्यांचे हरितद्रव्य नकाशे जुळवून पाहा. हैदराबादचं 'इन्कॉइस' हे सागरी माहिती केंद्र मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्र कळवतं, तेही तापमान आणि हरितद्रव्यावरूनच.

प्रश्न : समुद्र तापला तर देवमासे निघून जातील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कधी निघून जातात, कधी किनाऱ्याजवळ येतात आणि जवळ येणं जास्त धोक्याचं ठरू शकतं. २०१४ ते २०१६ च्या उष्णलाटेत कॅलिफोर्नियासमोर थंड पाणी किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात उरलं. क्रिल घटलं, म्हणून हंपबॅक अँकोव्ही माशांमागे आत आले. विषारी शैवालामुळे खेकड्यांचा हंगाम २०१६ च्या वसंतावर ढकलला गेला आणि देवमासे नेमके तिथे असताना पिंजऱ्यांचे दोर पाण्यात पडले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी ५० च्या आसपास देवमासे अडकल्याची नोंद झाली. आधी ती वर्षाला दहाच्या घरात असे.

कोकणात देवमासा जाळ्यात अडकलेला दिसला तर पाण्यात उतरू नका, शेपटीजवळ होडी नेऊ नका. मागे ओढला जाणारा दोर किंवा बोया घाईने कापू नका : अंगावरचे वेढे तसेच राहतात आणि मदतपथकाला धरायला काही उरत नाही. जागा, वेळ, कोणत्या दिशेने चालला आहे हे टिपून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर महाराष्ट्रात भरपाईची योजना आहे. त्यासाठी कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो जपून ठेवा.