राजाश्रय, इनाम, यजमान, वरदहस्त, वशिला : हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत का?

तुम्ही विचारलंय की 'पॅट्रनेज'ला मराठीत राजाश्रय म्हणायचं, वरदहस्त म्हणायचं की सरळ वशिला. आणि गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत ज्यांनी मदत केली त्यांच्या नावांवर कोणता मथळा द्यायचा. मथळ्याचं शेवटी सांगतो. पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर देता येत नाही. देणारा किती मोठा, यावर आपल्याकडे हे शब्द वेगळे झालेले नाहीत. घेणाऱ्याच्या गळ्यात काय पडतं, यावर ते वेगळे झालेत. मी अंबाजोगाईचा, जमिनीच्या जुन्या कागदांत रोजचा वावर, म्हणून इनामापासून सुरू करतो. हा फरक तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

निजामाच्या राज्यातून मराठवाड्यात आलेले दोन शब्द आहेत : मदतमाश आणि खिदमतमाश. माश म्हणजे पोटापाण्याची सोय. मदतमाश जमीन एखाद्या विद्वानाला, फकिराला, एखाद्या घराण्याला जगण्यासाठी दिलेली. तिच्या बदल्यात रोजचं काही काम मागितलेलं नसे. खिदमतमाश जमीन मात्र चाकरीला बांधलेली. देवळाची दिवाबत्ती करा, पूजा करा, दर्ग्याची झाडलोट करा, मशिदीत बांग द्या, आणि त्यासाठी ही जमीन कसून खा. राज्य एक, देणारा एक, सनदही सारख्याच थाटाची. पण एकात माणूस पोसला जातो आणि दुसऱ्यात काम पोसलं जातं. खिदमतमाशवाल्याचा नातू ती जमीन बापजाद्यांची समजून विकायला निघतो आणि अडकतो, त्याचं मूळ इथे आहे. जमीन त्याच्या आजोबाला मिळाली नव्हती, देवाच्या दिव्याला मिळाली होती.

पुढे १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. इनामं आणि रोख अनुदानं रद्द करणारा हैदराबादचा कायदा १९५४ चा, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं त्यातून बाहेर ठेवली गेली. इनामाच्या वारसाहक्काचे वाद ज्या कायद्याने चालतात तो अतियात चौकशीचा कायदा १९५२ चा. अतियात म्हणजे राजाने दिलेल्या देणग्या. जिल्हाधिकारी कचेरीत आजही हा शब्द ऐकू येतो आणि समोरच्या शेतकऱ्याला बहुतेक वेळा तो कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बाजारात सगळ्यालाच 'इनामी जमीन' म्हणून मोकळे होतात. कुणी प्लॉट घ्यायला निघालं की मी पहिलं हेच विचारतो : इनाम कशाचं, मदतीचं की खिदमतीचं?

वतन आणि वर्षासन थोडक्यात सांगतो. वतन म्हणजे पिढीजात हक्क आणि त्याच्याबरोबर पिढीजात काम : पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. वर्षासन म्हणजे दरसाल ठरलेली रोख रक्कम किंवा धान्य. कीर्तनकाराला, शास्त्र्याला, एखाद्या मठाला. वर्षासन बंद व्हायला राजाची एक नाखुशी पुरायची.

आता राजाश्रय. हा शब्द उच्चारला की लोक वेरूळकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावावर आहे, काळ आठवं शतक. अख्खा डोंगर वरून खाली कोरत यायचा म्हणजे पाठीशी राज्याची तिजोरीच लागणार. पण अजिंठ्याला गेलात तर नुसती चित्रं बघून परत येऊ नका, तिथले लेख कुणी लिहवले तेही विचारा. दहा नंबरचं लेणं इसवी सनाच्या आधीचं. त्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी अक्षरांत लिहिलंय की हे 'घरमुख' वासिठिपुत कटहादि याचं दान आहे. म्हणजे एका माणसाने लेण्याचं दार दिलं, अख्खं लेणं दिलं नाही. बारा नंबरच्या विहारावर घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचं नाव आहे. शेकडो वर्षांनंतर, पाचव्या शतकात, सोळा नंबरचं लेणं वराहदेवाने करवलं. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. सव्वीस नंबरचं चैत्यगृह बुद्धभद्र या भिक्षूने करवलं, अश्मकांचा मंत्री भव्विराज याच्या सन्मानार्थ. भिंतींवर इतर भिक्षूंची छोटी छोटी दानंही नोंदलेली आहेत. त्यांचा शब्द 'देयधर्म', आणि त्या दानाचं पुण्य आईवडिलांना आणि सगळ्या जिवांना मिळो, असं पुढे लिहितात. या घेण्या-देण्यात शिल्पकार कुणाचा मिंधा झाला नाही. परतफेड पुण्यात मागितली आणि तीही सगळ्यांच्या नावावर.

राजाश्रयाची दुसरी बाजू त्याच डोंगरात आहे. हरिषेणानंतर वाकाटकांचं राज्य ढासळलं आणि कितीतरी कामं आहेत तिथेच थांबली. चोवीस नंबरच्या लेण्यात पाहा. मोठ्या थाटाने काढायला घेतलेला विहार, आणि आत खांब अजून पुरते दगडातून सुटलेले नाहीत, छिन्नीचे घाव उघडे. इतकं पाहिलं की राजाश्रय म्हणजे काय ते कोशात बघावं लागत नाही.

देवगिरीच्या यादवांकडे आलो की 'पदरी असणे' हा आपला वाक्प्रचार नीट कळतो. 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात सिंघण राजाच्या पदरी होता. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं. गंमत अशी की राजाने त्याला गवई म्हणून ठेवलेलं नव्हतं. तो श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या हिशेब-दप्तराचा अधिकारी. दप्तर सांभाळून त्याने तो ग्रंथ लिहिला, जो आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही पद्धतींचे अभ्यासक पुढ्यात घेऊन बसतात. पदरी असणं म्हणजे चाकरी, पण तिच्यात लिहायला मोकळीक असली तर केवढं काम उभं राहतं!

त्याच सिंघणाचा राजज्योतिषी चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेलात की पाटणादेवी लागते. तिथला शके ११२८ चा शिलालेख सांगतो की आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव या तिथल्या मांडलिक राजाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मला तो सगळ्यात प्रिय. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यातला सरकारी वाटा मठाला, आणि जितके तेलाचे घाणे चालतील त्या दर घाण्यामागे पळी पळी तेल. राजाने खजिन्यातून एकदाच थैली दिली असती तर ती संपली असती. बाजारातला वाटा लावून दिल्यामुळे गणित शिकवणाऱ्या मठात तेली आणि गिऱ्हाईक यांचंही देणं पडलं. याला राजाश्रय म्हणावं की लोकाश्रय? मला वाटतं दोन्ही, आणि म्हणूनच ती व्यवस्था शहाणपणाची.

यादवांच्याच काळातली नरेंद्र कवीची गोष्ट महानुभावांच्या 'स्मृतिस्थळा'त आहे. त्याचं 'रुक्मिणीस्वयंवर' ऐकून रामदेवराव इतका खूश झाला की ओवीमागे सोन्याचं नाणं द्यायला निघाला. अट एवढीच की ग्रंथावर नाव राजाचं यावं. नरेंद्र नाही म्हणाला. 'कविकुळा बोलु लागैल', म्हणजे माझ्यामुळे सगळ्या कवींच्या कुळाला दूषण लागेल, असं त्याने सांगितलं आणि तो उठून आला. पुढे तो महानुभाव पंथात गेला. राजा जे देत होता त्याला बाहेरचा माणूस राजाश्रयच म्हणाला असता. नरेंद्राला ते विकणं वाटलं. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपण आश्रिताला उद्देशून सहज वापरतो, पण आपल्याच मातीतल्या एका कवीने पोळीही नाकारली आणि टाळीही, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक लिहित्या पोराला माहीत असायला हवं.

'यजमान' हा शब्द या सगळ्यापेक्षा निराळा, कारण त्यात बांधिलकी दोन्हीकडून असते. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घालायचा तर वाटेल त्या गोंधळ्याला बोलावत नाहीत. घराचा गोंधळी ठरलेला असतो. तो येतो, धान्याचा चौक भरतो, कलश मांडतो, भोवती उसाची नाहीतर ज्वारीची ताटं उभी बांधतो, दिवटीवर तेल घालतो. संबळ सुरू झाला की तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, आमची योगेश्वरी अशी एकेक देवी नावाने बोलावतो, आणि मग यजमानाच्या घरातल्या गेलेल्या-असलेल्या माणसांची नावं घेतो. घरच्या पोरांना पणजोबाचं नाव ठाऊक नसतं, त्याला असतं. त्याला ज्वारी मिळते, खण-लुगडं मिळतं, रोख मिळते. तो यजमानाचा नोकर नव्हे. यजमानाने त्याला टाळून दुसरा आणला तर गावात यजमानालाच नावं ठेवतात.

कलावंतांच्या जगात हेच देणं अनेक नावांनी फिरतं. कीर्तनकाराला बिदागी. तमाशाच्या फडाला सुपारी, म्हणजे कार्यक्रम ठरल्याची आगाऊ रक्कम. लावणी चालू असताना प्रेक्षकातून येते ती दौलतजादा. सरकारकडून वृद्ध कलावंताला महिन्याला मिळतं ते मानधन. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जिल्हा परिषद लावणी महोत्सव भरवते, तेव्हा आयोजक सरकारी, पण समोर बसलेला रसिक तोच. बिदागी देताना हात जोडतात आणि दौलतजादा देताना नोट दाखवतात. पैसा तोच असला तरी घेणाऱ्याचा मान सारखा राहत नाही.

लोकाश्रयाबद्दल बोलायचं तर मराठवाड्याला तो नाइलाजाने शिकावा लागला. निजामाच्या राज्यात राजभाषा उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. मराठीच्या वाट्याला राजाश्रय नव्हता. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, तिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले. नंतर ते आमच्या गावी, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरीच्या शाळेत आले. या शाळा वर्गणीवर आणि शिक्षकांच्या पोटाला काढलेल्या चिमट्यावर चालल्या. आजही गावचा अखंड हरिनाम सप्ताह बघा. वहीत एकेक ओळ : अमक्याची ज्वारी, तमक्याची तूरडाळ, कुणाचा गूळ, कुणाची एका दिवसाची पंगत, कुणाचं नुसतं पाण्याचं टँकर. माइकवरून नाव पुकारलं जातं आणि माणूस सुखावतो. त्या बदल्यात महाराजांनी कीर्तनात काय सांगावं हे तो ठरवत नाही.

आणि आता वरदहस्त, कृपाछत्र, गॉडफादर, वशिला. मूळ वरदहस्त देवाचा; आज वर्तमानपत्रात 'कुणाच्या वरदहस्ताने वाळूउपसा चालू आहे' असंच वाचायला मिळतं. वशिल्यात तर देणारा स्वतःचं काहीच देत नाही. नोकरी सरकारची, जागा संस्थेची, पैसा लोकांचा. याची फक्त चिठ्ठी किंवा फोन. तरी पोरगं जन्मभर त्याचं मिंधं. एम.ए., बी.एड. झालेली हुशार मुलं साहेबांच्या बंगल्याबाहेर चिठ्ठीसाठी उभी राहिलेली मी पाहिली आहेत आणि त्याची चीड अजून जात नाही. याला आश्रय म्हणू नका. ज्याचं जे हक्काचं, ते त्यालाच उपकार म्हणून विकणं आहे हे.

स्मरणिकेचं असं करा. पैसे किंवा पुस्तकं देणारे ते 'देणगीदार'. वस्तू दिली असेल तर वस्तूचं नाव लिहा. कपाट म्हणजे कपाट, पंखा म्हणजे पंखा. राबलेले ते 'हितचिंतक'. 'आश्रयदाते' हा मथळा तुमच्या घटनेत आश्रयदाते सभासद असा वर्ग असेल तरच वापरा, आणि त्याची वर्गणी भरलेल्यांनाच त्याखाली घ्या. ज्याची पानभर जाहिरात आहे त्याच्या नावापुढे 'सौजन्य'. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे तुमच्या वाचनालयाला त्याच्या अ, ब, क, ड वर्गानुसार जे अनुदान मिळतं ते वेगळ्या चौकटीत 'शासकीय अनुदान' म्हणून छापा. ते मंजूर करून आणलं म्हणून कुणा पुढाऱ्याला 'आधारस्तंभ' करू नका, तो लोकांचाच पैसा आहे. रक्कम छापायची की नाही हे प्रत्येक देणगीदाराला विचारून घ्या, आणि नावं वर्णानुक्रमे लावा, म्हणजे पहिलं नाव कुणाचं यावरून बैठक अडायची नाही.