तीस दिवसांचं सोडा, ऑक्टोबरात काय केलंत ते बोला

अशी पत्रं वरचेवर येतात. कोणाची एमजी असते, कोणाची जॅग्वार, कोणाचं स्वयंपाकघरातलं नवं फर्निचर. वस्तू बदलते, प्रश्न तोच राहतो: माल घेऊन तीस दिवस उलटले, आता तो परत करता येणार नाही का? इंग्लंडमधल्या रेडिंगच्या या वाचकांना डीलरने हेच ऐकवलं आणि त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

त्यांची हकीकत थोडक्यात अशी. लॅन्चिया माँटेकार्लो ही इटालियन गाडी, 1981 ची, दुसऱ्या मालिकेतली, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची. जुन्या गाड्यांच्या डीलरकडून 14,500 पौंडांना घेतली. स्वतः जाऊन पाहिली, शोरूममध्येच सही केली. 2 मार्चला गाडी घरी आली. 20 मार्चला ओळखीच्या मेकॅनिकने रॅम्पवर चढवली, तर दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये (दाराखालच्या पत्र्याच्या लांब पट्टीत) पत्रा कमी आणि पुट्टी जास्त, वरून जाड काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला द्यायचा लेप. 21 मार्चला डीलरला व्हॉट्सॲप: ‘सिल दुरुस्त करून द्या.’ डीलर गाडी घेऊन गेला आणि 14 जूनला परत पाठवली. जुन्या पुट्टीवर नवं अंडरकोटिंग, बाकी जैसे थे. 19 जूनला यांचा मेसेज: ‘मी फार नाराज आहे, काय ते बघा.’ त्यानंतर दोन्हीकडून शांतता. ऑक्टोबरात गाडी एका रिस्टोअररकडे, म्हणजे जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणाऱ्याकडे गेली आणि तिथे पार सुटी झाली. त्याचा अंदाज 8,000 पौंडांचा होता, बिल झालं 19,000. पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाही म्हणतो, आणि जानेवारीपासून रोज 25 पौंड जागाभाडं लावतोय. डीलरला गाडी परत करता येईल का, असा यांचा प्रश्न आहे.

आता तुमच्याशी. डीलरचं तीस दिवसांचं गणित चुकलंय. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015 च्या कलम 22 मध्ये सुरुवातीला माल नाकारण्यासाठी तीस दिवस दिलेत हे खरं. पण तुम्ही दुरुस्ती मागितलीत की त्या दिवसापासून माल परत हातात पडेपर्यंत ती मुदत थांबते. तुमचे 20 मार्चपर्यंत 18 दिवस खर्ची पडले होते. 21 मार्च ते 14 जून हे दिवस धरायचेच नाहीत. उरलेले 12 दिवस 15 जूनपासून मोजायचे, म्हणजे मुदत 26 जूनपर्यंत होती. 19 जूनला तुम्ही मुदतीत होतात! त्या दिवशी ‘मी ही गाडी नाकारतो आहे, घेऊन जा आणि पैसे परत करा’ एवढं लिहिलं असतंत, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. ‘नाराज आहे, काय ते बघा’ याला नाकारणं म्हणत नाहीत. समोरच्याला स्पष्ट कळेल असं सांगायला लागतं, कायद्याची अट तेवढीच आहे. चार शब्द लिहायला आपल्या लोकांना एवढा संकोच का वाटतो, मला कळत नाही. तोंडावर भांडतील, पण कागदावर ‘नको’ लिहिणार नाहीत.

बरं, 26 जून हुकला तरी दार बंद झालं नव्हतं. एक दुरुस्ती होऊनही माल करारानुसार नसेल, तर कलम 24 प्रमाणे दोन हक्क मिळतात: किंमत कमी करून घ्या, किंवा शेवटचं म्हणून माल नाकारा. या दुसऱ्या नाकारण्याला तीस दिवसांचं बंधन नाही. मोटारगाडी असल्यामुळे तुम्ही केलेल्या वापरापोटी थोडी रक्कम कापली गेली असती, तुमच्या बाबतीत ती किरकोळच. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, हे तिन्ही महिने हा हक्क तुमच्या खिशात होता.

मग तुम्ही गाडी रिस्टोअररच्या ताब्यात दिलीत. इंजिन बाहेर, सिल कापलेल्या, पुढचे पॅनल वेगळे. माल नाकारणाऱ्याने तो समोरच्याला परत नेता येईल असा ठेवायचा असतो. तुमची गाडी आज सुट्या भागांत आहे, वर तिसऱ्याच माणसाच्या कुलपात. शिवाय जो माणूस गाडी खोलून स्वतःच्या आवडीने नव्याने बांधायला काढतो, तो ती आपलीच मानतो, असंच कोर्ट म्हणेल. एखादा न्यायाधीश उदार निघेलही, पण त्या भरवशावर मी तुम्हाला कोर्टाची फी भरायला सांगणार नाही. गाडी परत करायचा विषय माझ्या मते ऑक्टोबरातच संपला.

किंमत कमी करून घेण्याचा हक्क मात्र शाबूत आहे आणि तुमची सगळी मदार आता त्याच्यावर आहे. कलम 24 मधले दोन्ही हक्क एकदम वापरता येत नाहीत, म्हणून पत्रात ‘गाडी परत घ्या नाहीतर पैसे कमी करा’ असलं काही लिहू नका. एकच मागा. किंमत कमी करा.

किती कमी, ते जाहिरातीवर ठरेल. तुम्ही जोडलेली जाहिरात मी वाचली. ‘जगज्जेत्या 037 ची थोरली बहीण’, ‘उद्याची सोन्याची लगड’, ही सगळी विकणाऱ्याची फुशारकी आहे, त्यावर दावा उभा राहत नाही. 1983 ची उत्पादकांची वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या लॅन्चियाच्याच 037 या रॅलीच्या गाडीचा मधला ढाचा माँटेकार्लोवरून घेतला होता हे खरं आहे, त्यामुळे ते विधान खोटंही नाही. पण त्याखाली एक ओळ आहे: ‘दोन्ही सिल नव्या, ढाचा भक्कम, आणून लगेच चालवा.’ हे वर्णन झालं. माल वर्णनाप्रमाणे हवा, हे कलम 11. पंचेचाळीसएक वर्षांच्या इटालियन गाडीला गंज निघाला म्हणून कोणी नुकसानभरपाई देणार नाही. वय आणि किंमत बघूनच दर्जा ठरतो. पण नव्या सांगितलेल्या सिल पुट्टीच्या निघाल्या, तर वयाचा प्रश्नच येत नाही. बिलावरच्या ‘सोल्ड ॲज सीन’ (पाहिली तशी विकली) शिक्क्याने घाबरू नका. विकणारा व्यापारी आणि घेणारा साधा ग्राहक असेल तर कलम 31 पुढे त्या शिक्क्याला किंमत नाही. हीच गाडी एखाद्या हौशी मालकाकडून घेतली असतीत तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो.

डीलर उलट विचारेल, गाडी पाहिली होती ना? पाहिली होती. पण पाहताना जे दिसायला हवं होतं तेवढ्यापुरतीच त्याची सुटका होते, अंडरकोटिंगखालचं उभ्या माणसाला दिसत नाही. एका गोष्टीवर मात्र तुम्हाला बोलणी खायला लागतील, आणि आधी माझी खा. चाळीस वर्षांवरच्या, मूळ बांधणीत मोठा बदल न केलेल्या गाड्यांना 2018 पासून एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, लागत नाही. म्हणजे तुमच्या गाडीच्या पोटाखाली 2021 नंतर कोणी सरकारी नियमाने डोकावलेलंच नाही. त्याआधीच्या तपासण्यांचा इतिहास मात्र सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, गाडीचा नंबर टाकायचा की झालं. तुम्ही आता पाठवलेल्या प्रिंटमध्ये 2020 च्या तपासणीत दोन्ही सिलच्या गंजाचा शेरा आहे. तो आता काढलात, फेब्रुवारीत काढला असतात तर? यामुळे दावा पडेल असं मला वाटत नाही. तो दोष डीलरने दाखवलेला नव्हता. उलट, व्यापाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं, असा तोच कागद त्याच्यावर उलटवता येईल. तरी समोरचा वकील तो काढणार, तयारी ठेवा.

या गाडीपुरतं बोलायचं तर गंजाचा विषय नवा नाहीच. 1980 साली इथल्या वर्तमानपत्रांनी लॅन्चिया बीटा सेडानच्या गंजावरून राळ उठवली, कंपनीला गाड्या परत घ्यायला लागल्या. माँटेकार्लो पिनिनफरिना या इटालियन कंपनीने बांधलेली, मधल्या इंजिनची, त्या सेडानपेक्षा पार वेगळी. पण बीटाचं नाव लागलं आणि बदनामी तिलाही चिकटली. त्यात पहिल्या मालिकेचे पुढचे ब्रेक ओल्या रस्त्यावर लॉक व्हायचे, म्हणून 1978 मध्ये उत्पादन थांबवून 1980 मध्ये ब्रेकचा सर्वो (ब्रेकचा जोर वाढवणारा भाग) काढून पुन्हा सुरू केलं. 1994 मध्ये लॅन्चियाने ब्रिटनमधून गाशाच गुंडाळला. दोन लिटरचं ट्विन कॅम इंजिन, इतकी देखणी बांधणी, आणि तरी ती फेरारीच्या तुलनेत चिल्लर भावात मिळते ती या सगळ्यामुळे. ‘वडिलांच्या फियाटमुळे इटालियन गाड्यांचं वेड’ हे तुमचं वाक्य मला पटतं, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटमध्ये निम्म्या महाराष्ट्राचं बालपण गेलंय. पण स्वस्तात मिळणाऱ्या गाडीची स्वस्ताई कुठून आली, ते घेण्याआधी विचारायचं असतं.

आता बिलाकडे. 19,000 पौंड डीलरकडून वसूल करू, हे डोक्यातून काढा. इंजिन नव्याने बांधलंत, गाडीचा रंग लालचा निळा केलात, सीटला नवं कातडं चढवलंत. ती तुमची हौस, तिचा खर्च तुमचा. डीलरच्या माथी फक्त सिल, त्याला लागून असलेला फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा एवढंच मारता येईल. रिस्टोअररकडून बिल कामवार फोडून घ्या: कुठल्या कामाला किती तास, तासाचा दर काय, पत्रा कितीचा. तुमच्या कागदांवरून मला ही रक्कम सहा-साडेसहा हजारांच्या घरात दिसते. ती 10,000 च्या आत राहिली तर दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे काउंटी कोर्टातल्या छोट्या दाव्यांत बसेल. तिथे जिंकलात तरी वकिलाची फी सहसा परत मिळत नाही, म्हणून अर्ज स्वतःच भरा.

कापलेल्या सिल कुठे आहेत? तुमच्या पत्रात याबद्दल अवाक्षर नाही. भंगारात गेल्या असतील तर कपाळाला हात लावायची पाळी आहे, कारण पुट्टी भरलेला तो पत्रा हाच तुमचा सगळ्यात बोलका साक्षीदार होता. आजच फोन करा. तुकडे असतील तर लेबल लावून ठेवायला सांगा, नसतील तर कापतानाचे फोटो मूळ फाइलमध्ये, तारखेसकट मागा. व्हॉट्सॲपवरून फिरलेले नकोत. 20 मार्चला ज्या मेकॅनिकने गाडी वर चढवली त्याच्याकडून एक पानभर लेखी, सहीनिशी घ्या. दोष सहा महिन्यांच्या आत दिसला असल्यामुळे तो आधीपासून होता असं कायदा धरून चालतो, हे तुमच्या बाजूने आहे. तरी पत्रा हातात असलेला बरा.

रिस्टोअररचं थोडक्यात. ज्याने वस्तूवर काम करून तिची किंमत वाढवली, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवायचा हक्क इथल्या कायद्यात फार जुना आहे. तेव्हा जास्तीची किल्ली घेऊन रात्री गाडी काढायचा जो विचार तुम्ही ‘गमतीने’ लिहिलाय, तो गमतीतही नको. अंदाज म्हणजे ठरलेली किंमत नव्हे, पण 8,000 चे 19,000 कसे झाले हे त्याला दाखवून द्यायला लागेल. इथे तुमचीच अडचण आहे: ‘आणखी सडलंय, पुढे जाऊ का?’ या त्याच्या दर मेसेजला तुम्ही अंगठा पाठवलाय. आपल्या पणजोबांच्या जमिनी अशाच अंगठ्यांवर गेल्या. जागाभाड्याचं वेगळं आहे. स्वतःचा हक्क सांगून गाडी अडवणाऱ्याला त्या अडवण्याचं भाडं सहसा लावता येत नाही, करारात तसं लिहिलं नसेल तर. जॉब शीटच्या मागची बारीक छपाई वाचा आणि मला तिचा फोटो पाठवा, त्यावर हे फिरू शकतं. तोवर, बिलातला कुठला भाग मान्य नाही ते त्याला लेखी कळवा. न नेलेला माल विकण्याचा जो अधिकार 1977 च्या टॉर्ट्स कायद्यात आहे, तो असा वाद चालू असताना वापरता येत नाही. मान्य रक्कम लगेच भरा. उरलेल्यावर तो अडून बसला तर ‘निषेध नोंदवून’ भरून गाडी सोडवायची आणि नंतर भांडायचं, की ती रक्कम कोर्टात जमा करून गाडी मागायची, हे आकडा बघून ठरवू.

डीलरला पत्र या आठवड्यात गेलं पाहिजे: जाहिरातीतली ती ओळ, 21 मार्चची मागणी, 14 जूनची फसलेली दुरुस्ती, मागितलेली रक्कम, उत्तराला 14 दिवस. दाव्याची मुदत सहा वर्षांची आहे म्हणून निवांत बसू नका. डीलर लिमिटेड कंपनी आहे, ती बंद झाली तर वसुली कोणाकडून करणार? कंपनीज हाउसच्या (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या) यादीत तिचं नाव काढून टाकण्याची नोटीस लागली असेल तर आधी हरकत नोंदवायला लागेल. कोर्टाचा निकाल यायला वर्ष सहज जातं, या बाबतीत काउंटी कोर्ट आपल्या तालुक्याच्या कोर्टाला फार मागे टाकत नाही.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो: ‘500 पौंड इसार कार्डावर दिला, बाकी बँकेतून.’ ते क्रेडिट कार्ड असेल आणि पैसे थेट डीलरलाच गेले असतील, तर कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट 1974 च्या कलम 75 खाली कार्ड कंपनीही डीलरइतकीच जबाबदार ठरते. नुसत्या 500 पुरती नाही, संपूर्ण दाव्यापुरती. वस्तूची किंमत 100 च्या वर आणि 30,000 च्या आत हवी, तुमची बसते. त्यांनी नकार दिला किंवा आठ आठवडे टोलवत ठेवलं, तर बँका आणि कार्ड कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे फुकट तक्रार करता येते; नकाराचं अंतिम पत्र आलं की तिथून सहा महिन्यांत. डेबिट कार्ड असेल तर यातलं काहीच लागू नाही, फक्त बँकेला चार्जबॅकचं, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे परत खेचण्याचं विचारून बघायचं, आणि त्याचीही वेळ एव्हाना गेली असेल. मार्चचं स्टेटमेंट काढा आणि कार्ड कुठलं होतं ते कळवा. क्रेडिट निघालं तर पहिलं पत्र डीलरच्या आधी तिकडे जाईल.

(हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमधल्या वाचकांनी मुदतीचे आणि कोर्टाचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.)