पाइपातलं लिटरभर पाणी

प्रश्न : आम्ही मुलुंडच्या आठ जणी. पैशांची भिशी बंद पडली तेव्हा पुस्तकांची सुरू केली. या महिन्यात प्रिमो लेवी या इटालियन ज्यू लेखकाच्या आउशवित्झ या नाझी मृत्युछावणीतल्या आठवणी वाचल्या, पहिलं पुस्तक ‘इफ धिस इज अ मॅन’ आणि शेवटचं ‘द ड्राउन्ड अँड द सेव्हड’. आणि भांडण झालं. एकीचं म्हणणं, मन खंबीर असलं की माणूस कशातूनही तरतो, हेच यातून घ्यायचं. दुसरीने ‘लाज’ हे प्रकरण अर्ध्यात मिटलं. म्हणाली, ‘छळणारे दुसरेच, आणि लाज याला? उगाच स्वतःला टोचून घेतोय.’ तिसरीने विचारलं, मुंबईत बसून आपण हे वाचायचंच कशाला? तिचं सोडा, पण लाजेचं मलाही उमगलं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला लाज कशाची?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : खंबीर मनवाल्या बाईंपासून सुरुवात करते, कारण ती चूक मीही केली आहे. शाळेच्या ग्रंथालयात होते तेव्हा लेवीच्या पहिल्या पुस्तकावर ‘प्रेरणादायी’ अशी चिठ्ठी चिकटवून ते मी दोन गिर्यारोहकांच्या मधे ठेवून दिलं होतं. मलपृष्ठ वाचून, आत न डोकावता. (ग्रंथपालांची अशी बरीच पापं असतात.) पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत ते वाचलं आणि शाळा उघडल्यावर पहिली ती चिठ्ठी खरवडून काढली.

लेवी तुरिनचा रसायनतज्ज्ञ. डिसेंबर १९४३मध्ये पकडला गेला, फेब्रुवारी १९४४मध्ये आगगाडीत कोंबून आउशवित्झला नेला गेला. गाडीत ६५० माणसं होती. ९६ पुरुष आणि २९ बायका कामासाठी निवडल्या, बाकीची दोन दिवसांच्या आत संपवली. त्याच्या डब्यात ४५ जण होते, घरी परतले चार. तो स्वतः का परतला? रसायनशास्त्र येत होतं म्हणून शेवटच्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत, छपराखाली काम मिळालं. लोरेन्झो नावाचा एक इटालियन गवंडी सहा महिने रोज आपल्या वाट्याचं उरलेलं जेवण त्याला आणून देत होता आणि त्याबद्दल काही घ्यायला तयार नव्हता. आणि जानेवारी १९४५मध्ये, रशियन फौजा जवळ आल्या असताना, लेवीला स्कार्लेट फिव्हर झाला. जर्मनांनी धडधाकट कैद्यांना बर्फातून पायी हाकललं, आजारी मागे टाकले. लेवीचा जिवलग मित्र आल्बेर्तो धडधाकट होता. तो चालत गेला आणि परत आला नाही. आता तुमच्या मैत्रिणीला विचारा, यात खंबीर मन कुठे बसवायचं? लेवी तर लिहितो की जे उत्तम होते ते सगळे गेले.

आता लाज. तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचा राग मला पटतो, आणि लेवीलाही पटला असता. मारणारा आणि मार खाणारा यांची सरमिसळ करणाऱ्यांना तो अजिबात माफ करत नाही. कैद्यांना लाजवणं हा तिथल्या कारभाराचाच भाग होता. साधा चमचा घ्या. नव्या कैद्याला चमचा देत नसत, सूप कुत्र्यासारखं तोंड लावून प्यायचं. चमचा हवा तर पोटाला चिमटा घेऊन पावाच्या बदल्यात मिळवायचा. छावणी सुटली तेव्हा कोठारात चमच्यांचे ढीग सापडले, हजारोंनी. म्हणजे टंचाई नव्हती.

पण तुमची मैत्रीण जिथे थांबली, ती लाज वेगळी. बहुतेक तिने पाण्याच्या गोष्टीच्या आधीच पुस्तक मिटलं असावं. ऑगस्ट १९४४. कैदी जिथे राबत त्या कारखान्यावर बॉम्ब पडलेले, ऊन मी म्हणतंय, प्यायला पाणी नाही. तळघरातला ढिगारा उपसताना लेवीला भिंतीला एक पाइप दिसतो, खाली तोटी. आत साचलेलं पाणी असेल लिटरभर, कदाचित तेवढंही नाही. तो जमिनीवर आडवा होऊन पितो. सगळ्यांना सांगावं? एकट्यानेच संपवावं? तो फक्त आल्बेर्तोला सांगतो, दोघं चोरून पितात. परतताना रांगेत शेजारी दानिएले हा सोबतचा कैदी असतो, सिमेंटच्या धुळीने राखाडी झालेला, ओठ फुटलेले. त्याने दोघांना पाहिलेलं असतं. सुटका झाल्यावर कित्येक महिन्यांनी तो विचारतो, तुम्ही दोघंच का, मी का नाही? पुढे दोघांची मैत्री टिकली, पण ते न दिलेलं पाणी मधे राहिलंच, असं लेवी लिहितो. चाळीसेक वर्षांनंतर.

गिरगावात आमच्या चाळीत पहाटे साडेचारला पाणी यायचं. मी सातवीत होते त्या मे महिन्यात ते तिसऱ्या मजल्यावर चढेचना. मागच्या जिन्याखाली एक नळ होता, मोडका म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला. आईला शोध लागला की दुपारी दोनच्या सुमारास त्याला करंगळीएवढी धार येते. तिने शेजारच्या मावशींना सांगितलं. समोरच्या वहिनींना नाही, आणि त्यांच्याकडे तर बाळंतीण होती. महिनाभर दोघी पदराआड कळशी धरून ये-जा करत होत्या. वहिनींना कळलं तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. आई आता ८४ वर्षांची आहे. वहिनींचा विषय निघाला की कोणी न विचारता म्हणते, ‘धार फार बारीक होती गं. तिघींना पुरली नसती.’

चाळीचा नळ आउशवित्झशेजारी ठेवायचा नाही, एवढं मला कळतं. आमच्याकडे तहानेने कोणी मरत नव्हतं, कोणी मारतही नव्हतं. पण ‘टोचून घेणं’ म्हणजे आपल्या हाताने सुई खुपसणं, आणि इथे ती आधीच आत असते. लेवीला ठाऊक आहे की त्याच्यावर कोणी आरोप करत नाही, करूही शकत नाही. तरी एक शंका त्याला सोडत नाही : मी दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं तर जगत नाही ना? त्याने ती लपवली असती तर पुस्तक जास्त खपलं असतं, माझी ती चिठ्ठीही शोभली असती.

तिसऱ्या बाईंसाठी एकच. आकाशवाणी सुरू होताना लागणारी धून त्यांच्या कानात असेलच. ती बांधणारे वॉल्टर कॉफमन हे कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार. हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३४मध्ये ते मुंबईत आले आणि १९४६पर्यंत राहिले. आपल्या घराघरांत सकाळ व्हायची ती त्यांच्या धूनवर.

पुढच्या भिशीला मिटलेलं प्रकरण पाण्याच्या गोष्टीपासून उघडा आणि कोणीतरी मोठ्याने वाचा. दोन-तीन पानंच आहेत. चहा त्यानंतर ठेवा.