लामी ४५० रुपयांत, खरं असेल का?

प्रश्न : काका, मी जुळे सोलापूरला राहते, एमपीएससीची तयारी करतेय. रोज आठ-दहा पानं लिहून काढते म्हणून ऑनलाइन ४५० रुपयांत लामी सफारी हे शाईचं पेन मागवलं, पण निब खरडतेय आणि बोटं शाईनं भरतायत. डुप्लिकेट असेल का? हजाराच्या आत कुठलं पेन घेऊ?

उत्तर : डुप्लिकेटच आहे गं ते. लामी म्हणजे जर्मनीतल्या हायडेलबर्गची कंपनी, खरं सफारी इथं दोन हजारांच्या आसपास जातं, ते ४५० ला कोण देईल? तरी खात्री करायची तर लामीच्या कन्व्हर्टरला, म्हणजे शाई ओढून घ्यायच्या आतल्या नळीला, दोन बाजूंना बारीक खुंट्या असतात त्या पेनाच्या खाचेत बसतात, आणि निबवर नाव नि एफ (बारीक) किंवा एम (मध्यम) असं जाडीचं अक्षर रेखीव असतं, पण हल्ली नकलवाले हेही जमवतात, म्हणून आधी किंमत बघायची, मग विकणारा कोण ते. परत करायची मुदत असेल तर आजच परत कर, थांबू नको.

बाहेरगावची चादर सोलापुरी म्हणून विकतात तेव्हा आपला जीव जळतो ना, तसंच आहे हे. स्वस्त पेन वाईट नसतं, दुसऱ्याचं नाव चिकटवलेलं वाईट. मी कॉलेजात असताना फुटपाथवर पार्कर घेतलं होतं, आठवड्यात क्लिपचा सोनेरी मुलामा उडाला, ते पैसे मला अजून आठवतात.

हजाराच्या आत चायनाचं जिनहाओ मिळतं, स्वतःच्या नावानं विकतात, पण त्यातलं एक्स४५० पितळी आणि जड, तीन तास लिहून हात भरून येईल. तुझ्यासाठी मी आपलं कॅमलिन किंवा एअरमेलचं ड्रॉपरनं शाई भरायचं पेन सांगेन, हलकं असतं आणि शाई भरपूर मावते. नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात स्वतःची वही घेऊन जा, निब शाईत बुडवून चार ओळी लिही, खरडली तर दुसरं माग, लाजू नको. हैदराबादला कुणी जाणार असेल तर डेक्कन पेन्सचं दुकान १९२८ पासूनचं आहे, तिथं नक्की जायला सांग.

फक्त ड्रॉपरच्या पेनात शाई पाव उरली की लगेच भरायची, कारण हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि शाई टपकते, त्यात आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, म्हणून पेपरला जाताना पेन काठोकाठ भरूनच ने.