अँटिबॉडी औषधांचा अभ्यास सुरू करताय? आधी एवढंच बघा

स्वागत! सगळं एकदम वाचायला जाऊ नका, आधी रिटुक्सिमॅब (अमेरिकेत मंजुरी १९९७) आणि ट्रास्टुझुमॅब (१९९८) ही कॅन्सरवरची दोनच अँटिबॉडी औषधं नीट समजून घ्या, टार्गेट (औषध पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटतं ते) म्हणजे काय आणि टेस्ट करून पेशंट का निवडतात ते त्यातनंच कळतं.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका:

- फेज १ मध्ये (माणसांवरची पहिली, छोटी चाचणी) कॅन्सरची गाठ लहान झाली की औषध आलंच असं धरायचं. थांबा, फेज ३ मध्ये (मोठी, तुलना करणारी चाचणी) पेशंट जास्त जगतायत का ते बघा.
- मंजुरी म्हणजे शेवट समजायचं. मायलोटार्ग (रक्ताच्या कॅन्सरवरचं अँटिबॉडी औषध) २००० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, २०१० मध्ये बाजारातनं काढलं आणि २०१७ मध्ये कमी डोसने परत आलं, हे प्रकरण वाचाच, खूप शिकवतं.
- विक्री बघायची, पेटंट कधी संपतं ते नाही. बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच, दुसऱ्या कंपन्यांची औषधं) आले की किंमत उतरते.

एडीसी (अँटिबॉडीला विषारी औषध जोडलेलं), बायस्पेसिफिक (एकाच वेळी दोन टार्गेट धरणारी अँटिबॉडी) हे नंतर. अडलं की बिनधास्त विचारा.