हॉवर्ड केंडॉल यांची बार्सिलोनाची संधी हुकली नसती, तर आज त्यांचं नाव मोठं असतं का?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा दिसतो की, 1986 साली बार्सिलोनाचं पद हातातोंडाशी येऊन निसटलं आणि त्यामुळेच इंग्लिश फुटबॉल क्लब एव्हर्टनचे हॉवर्ड केंडॉल थोर मॅनेजरांच्या यादीतून गळले. मला हे पटत नाही. नाव मागे पडायची कारणं वेगळी आहेत. बार्सिलोना त्या वर्षी मिळालं नाही, हे तर माझ्या मते त्यांच्या पथ्यावरच पडलं.

आधी झालं काय ते. मॅनेजर टेरी व्हेनेबल्स बार्सिलोना सोडणार असं धरून क्लबने केंडॉल यांच्याशी बोलणी केली, तात्पुरता करारही झाला. मग व्हेनेबल्सनी आणखी एक वर्ष थांबायचं ठरवलं आणि विषय संपला. निवड चुकीची नव्हती. व्हेनेबल्सनी 1985 ची स्पॅनिश लीग जिंकली ती पुढे जाऊन दबाव टाकणाऱ्या, मेहनती संघाच्या जोरावर, आणि केंडॉल यांचा एव्हर्टन त्याच पठडीतला होता.

पण केंडॉल यांच्या पदरात काय पडलं असतं ते बघा. मे 1986 मध्ये बार्सिलोना युरोपियन कपची (देशोदेशीच्या लीगविजेत्यांची स्पर्धा, आजची चॅम्पियन्स लीग) फायनल स्टेआउआ बुखारेस्टकडून हरली, पेनल्टीचे चारही फटके वाया घालवून. त्या सामन्यात बाहेर काढलेला मिडफिल्डर शुस्टर पुढचा अख्खा मोसम खेळलाच नाही. व्हेनेबल्स सप्टेंबर 1987 मध्ये गेले, आणि एप्रिल 1988 मध्ये खेळाडूंनीच अध्यक्ष नुन्येझ यांचा राजीनामा मागितला. केंडॉल यांची कामाची पद्धत मुळात वेळ खाणारी. ते 1981 च्या उन्हाळ्यात एव्हर्टनला आले, आणि 31 डिसेंबर 1983 ला कोव्हेंट्रीविरुद्धच्या 0-0 सामन्याला एव्हर्टनच्या गुडिसन मैदानावर 13,659 प्रेक्षक होते. त्यांना काढा अशी पत्रकं वाटली जात होती. अडीच वर्षांनंतरची ही स्थिती! चेअरमन फिलिप कार्टर पाठीशी राहिले म्हणून पुढचं घडलं. बार्सिलोनात एवढी सवड कोणी दिली नसती.

खरी हुकलेली संधी 1985 ची. एव्हर्टनने 90 गुण आणि 13 गुणांच्या आघाडीने लीग जिंकली. कप विनर्स कपच्या (देशोदेशीच्या कपविजेत्यांची युरोपियन स्पर्धा) सेमीफायनलमध्ये बायर्नविरुद्ध म्युनिकला 0-0 झालं होतं. गुडिसनवर बायर्नने आधी गोल केला, मग शार्प आणि ग्रे यांचे दोन गोल गॅरी स्टीव्हन्सच्या लांब थ्रो-इनवरून आले, तिसरा ट्रेव्हर स्टीव्हनचा. 15 मे ला रॉटरडॅममध्ये रॅपिड व्हिएन्नाला 3-1 हरवून कप घेतला. तीनच दिवसांनी वेम्ब्लीवर एफए कपच्या फायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या दहा जणांसमोर हा संघ एक्स्ट्रा टाइममध्ये दमून हरला. 29 मे ला हेझल स्टेडियमची दुर्घटना झाली (लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या हल्ल्यानंतर चेंगराचेंगरीत प्रेक्षक मेले) आणि इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. एव्हर्टनचा तिथे काही संबंध नव्हता, तरी युरोपियन कप खेळण्याचा हक्क गेला. मॅनेजरचं नाव देशाबाहेर त्याच स्पर्धेत होतं. लिव्हरपूलचे पेस्ली आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे क्लफ यांची नावं आज जगभर घेतली जातात, त्यात युरोपियन कपचा वाटा मोठा आहे.

आता त्यांचं खरं मोजमाप. बहुतेक लोक 1985 चा संघ दाखवतात. मी 1986-87 दाखवीन, कारण मॅनेजरचं काम त्यात उघडं दिसतं. 1985-86 मध्ये नव्याने आलेल्या स्ट्रायकर लिनेकरने लीगमध्ये 30 गोल केले, संघाचे एकूण 87 झाले, आणि तरी लिव्हरपूल दोन गुणांनी पुढे राहिलं. लिनेकरचे गोल यावेत म्हणून चेंडू त्याच्या धावेसाठी लवकर पुढे टाकला जाई, मिडफिल्डमधून येणारे गोल आटले, आणि मागे 41 गोल खाल्ले गेले. त्याच उन्हाळ्यात लिनेकर बार्सिलोनाला गेला. केंडॉल यांनी त्याच्या तोडीचा स्ट्रायकर आणलाच नाही. मोठा पैसा बचावपटू डेव्ह वॉटसनवर घातला, आणि मँचेस्टर सिटीचा 32 वर्षांचा पॉल पॉवर 65,000 पौंडांत घेतला. लोकांनी नाकं मुरडली. पण डाव्या बाजूचा फुलबॅक व्हॅन डेन हौवे जखमी होता आणि पॉवर ती जागा सांभाळू शकत होता.

दुखापतींची यादी फार लांब होती. ब्रेसवेल पूर्ण मोसम बाहेर, पीटर रीड बराच काळ बाहेर, आणि गोलकीपर साउथॉल सुरुवातीला नाही म्हणून बॉबी मिम्स. मिडफिल्डचा कणाच मोडलेला. तेव्हा गोल वाटून घेतले गेले: लीगमध्ये स्टीव्हन 14, शीडी 13, हीथ 11. संघाचे गोल 87 वरून 76 वर आले, पण खाल्लेले गोल 41 वरून 31 वर उतरले. जानेवारीत स्नोडिन, पाठोपाठ वेन क्लार्क आला. क्लार्कच्या एका गोलवर आर्सेनलला त्यांच्याच मैदानात 1-0 हरवलं. नॉरिचला व्हॅन डेन हौवेच्या गोलवर 1-0 जिंकून लीग पक्की झाली, शेवटी 9 गुणांची आघाडी. आपला सर्वात भरवशाचा स्ट्रायकर गमावून पुढच्याच वर्षी लीग जिंकणं किती मॅनेजरांना जमलंय?

खेळाडू निवडण्याची नजर हा दुसरा भाग. साउथॉल बरीकडून 1,50,000 पौंड, शीडी लिव्हरपूलच्या राखीव संघातून 1,00,000, रीड बोल्टनकडून 60,000, माउंटफील्ड ट्रॅनमीअरकडून 30,000, आणि गुडघ्यांवरून शंका असलेला अँडी ग्रे 2,50,000. पाचांची बेरीज 5,90,000. एकट्या लिनेकरला घ्यायला पुढे 8,00,000 लागले. माउंटफील्ड सेंटर-हाफ, म्हणजे मधला बचावपटू, तरी 1984-85 मध्ये सगळ्या स्पर्धा मिळून त्याचे 14 गोल. शीडीचे डाव्या पायाचे कॉर्नर आणि फ्री-किक नेमके कुठे पडणार हे माउंटफील्डला ठाऊक असे. मागे बचावपटू रॅटक्लिफचा वेग असल्यामुळे बचावाची रेषा पुढे ठेवता येई. कॉलिन हार्वेला 1983 च्या अखेरीस पहिल्या संघाचा कोच केलं, तोही निर्णय मी याच खात्यात धरतो.

उतरती बाजूही खरी आहे. बंदी उठेना म्हणून 1987 मध्ये ते अॅथलेटिक बिल्बाओला गेले. तिथे फक्त बास्क खेळाडू, बाजारातून स्वस्तात माणूस हेरण्याची त्यांची ताकद निम्मी बाद. तरी पहिल्याच मोसमात चौथं स्थान. एव्हर्टनची नंतरची दोन पर्वं मात्र फिकी: 1990 ते 1993 मध्ये नववं, बारावं, तेरावं, आणि 1997-98 मध्ये केवळ गोलफरकावर खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून वाचलेला संघ. ज्यांनी फुटबॉल 1992 नंतर पाहायला घेतलं, त्यांना हेच केंडॉल माहीत आहेत. कारकीर्दीची सरासरी काढणारे इथेच फसतात. तिन्ही पर्वांचा पैसा, संघ आणि मालक वेगळे होते. दुसऱ्या पर्वात तर स्ट्रायकर डिऑन डब्लिनला घ्यायला संचालकांनी मंजुरी दिली नाही आणि त्यांनी राजीनामा दिला.

स्वतःच्या हाताने घालवलेली संधी शोधायची असेल तर मी बार्सिलोनाकडे न बघता नोव्हेंबर 1990 कडे बघीन. डिसेंबर 1989 मध्ये त्यांनी तळाला गेलेली मँचेस्टर सिटी हाती घेतली आणि 14 व्या स्थानावर आणून वाचवली. पुढचा मोसम छान चालला असताना ते सिटी सोडून एव्हर्टनला परतले. सिटी त्यांचाच जुना खेळाडू पीटर रीडच्या हाती गेली आणि त्या मोसमात पाचवी आली, पुढच्या मोसमातही पाचवी. एव्हर्टन त्या वर्षी नववं.